दोन पत्रकं आणि एक गडगा

जगातली सगळ्यांत उंच इमारत पाहिली का, हे मला दापोलीत परत आल्यापासून इतक्या जणांनी विचारलं की उत्तर इथेच देऊन टाकतो. पाहिली. उंच आहे. मान दुखली. आता जे कुणी विचारत नाही ते सांगतो.

मी माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच. सातवीनंतर वडिलांबरोबर बोटीवर निघालो होतो. आमचे गुरुजी भर दुपारी जेटीवर आले आणि माझं मनगट धरून मला शाळेत परत घेऊन गेले. त्यांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. पदवीधर झालो, मास्तर झालो, आणि मास्तर झालो म्हणून सरकारने मला गेली बावीस वर्षं प्रत्येक निवडणुकीत मतदान केंद्रावर बसवलं. सहकारी त्याला शिक्षा म्हणतात. मला तो मान वाटतो. बोटाला शाई लावून घेताना म्हातारी माणसं जो चेहरा करतात, तो मी फार जवळून पाहिला आहे.

डिसेंबरात भाच्याचं लग्न होतं म्हणून अबू धाबीला गेलो. नऊ दिवस राहिलो. लग्नाबद्दल लिहीत नाही. ते झालं, मुलगा सुखी आहे, आणि बिर्याणी इतकी उरली की तिसऱ्या दिवशीही न्याहारीला तिचीच वाटी समोर यायची.

खलिफा सिटी

माझी बहीण रेहाना आणि तिचे यजमान युनूसभाई खलिफा सिटीत राहतात. विमानतळापासून जवळ. एकसारखे पिवळट बंगले, प्रत्येकाभोवती पुरुषभर उंच भिंत. शेजारी कोण राहतं, हे मी बहिणीला पहिल्याच दिवशी विचारलं.

"पांढरी गाडी आहे त्यांची," ती म्हणाली.

अकरा वर्षं ती त्या घरात आहे. आमच्याकडे अकरा वर्षांत शेजाऱ्याच्या सासूचं बाळंतपणसुद्धा माहीत होतं.

युनूसभाईंची एसीच्या डक्टची छोटी कंपनी आहे. मनाने मोठा माणूस. पण तिथे राहून त्यांनी एक तत्त्वज्ञान तयार केलंय आणि ते पाहुण्याला पहिल्या चहाबरोबर पाजतात.

"मास्तर, इकडे टेन्शन नाय. वोट नाय, मोर्चा नाय, नेता नाय. काम करो, घर जाओ, खलास."

"आणि म्हातारपणी? व्हिसा संपल्यावर?"

"तेव्हाचं तेव्हा देखेंगे. इन्शाल्ला."

"डॅड, वी'ल जस्ट गो टू कॅनडा," त्यांची चौदा वर्षांची झोया मोबाइलवरून नजर न उचलता म्हणाली.

एकोणतीस वर्षं त्या देशात घालवलेला बाप आणि तिथेच जन्मलेली मुलगी. दोघांपैकी एकालाही आपण कुठे मरणार हे ठाऊक नाही, आणि दोघंही चिंता करत नाहीत. दिवाणखान्यात भिंतीवर मात्र गावच्या घराचा भलामोठा फोटो. त्या घराला कुलूप आहे आणि कौलं मीच पावसाळ्याआधी परतून घेतो, हे फोटोत दिसत नाही.

त्या रात्रीच्या जेवणाला सांदण होतं, नारळाच्या रसातलं मटण होतं, आणि सना होती.

सना मुकादम ही युनूसभाईंच्या थोरल्या बहिणीची मुलगी. वय तेहतीस. जन्म, शाळा, वकिली, सगळं इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका जुन्या गिरणीगावात. मला ती 'मास्तरमामा' म्हणते. कोकणी आईकडून शिकलेली, पण हेल असा की वाटावं, आपली बोली कुणीतरी थंड पाण्यात भिजवून वाळत घातली आहे. लग्नाला आली होती, आणि दुसऱ्याही कामाला. मे महिन्यात ती तिथल्या नगरपालिकेची निवडणूक लढवणार होती.

मला इतका आनंद झाला की हातातलं सांदण ताटात पडलं. आमच्या बोटीवाल्यांच्या नात्यागोत्यात उमेदवार! तोही इंग्रजांच्या देशात!

"मामा, इतकं काय नाय," ती हसली. "वॉर्ड छोटा आहे. बसचा रूट बंद केलाय त्यांनी. मम्मी दवाखान्यात चालत जाते, गुडघे धरून. तो रूट मला परत पाहिजे. बस."

उमेदवाराच्या तोंडून 'बस' हे मागणं मी बावीस वर्षांत ऐकलं नव्हतं. आमच्याकडे एकदम विकासच मागतात.

मग तिने मला मतदान केंद्रावरच्या कामाबद्दल विचारलं. मी खुललो. शाई कशी लावतात, यंत्र कसं सील करतात, यादी कशी वाचतात, सगळं सांगितलं.

"यादीत काय काय लिहिलेलं असतं?" तिने विचारलं.

"नाव. बापाचं किंवा नवऱ्याचं नाव. घर नंबर. वय."

"आणि रिलिजन?"

"तो रकानाच नाही."

"रिअली?" ती म्हणाली, आणि हातातला घास परत ताटात ठेवला. मला वाटलं, मटण तिखट लागलं.

जेवणानंतर तिने कामाचं सांगितलं. तिच्या पक्षाने प्रचारासाठी एक सल्लागार नेमला होता आणि तो सल्लागार दुबईत बसत होता. पत्रकाचा मसुदा रविवारी संध्याकाळपर्यंत पास करायचा होता; सोमवारी तो तिकडे छापायला जाणार होता. तिच्या वॉर्डात आपली पाच-पंचवीस कोकणी घरं आहेत, त्यांच्यासाठीचा मजकूर मी तपासावा, अशी तिची विनंती होती. पक्षाचं नाव मी लिहीत नाही. तो दुसरा कुठला असता तरी हेच झालं असतं, असं मला वाटतं.

जुमेरा लेक टॉवर्स

गुरुवारी आम्ही दुबईला गेलो. जुमेरा लेक टॉवर्स म्हणजे काचेच्या इमारतींचं जंगल, आणि मधे तळी. तळी माणसांनी केलेली. आमच्याकडे तळं असतं म्हणून गाव वसतं. तिथे आधी इमारती आल्या आणि मग तळ्याला बोलावणं गेलं. बदकं आहेत. तीही बोलावलेलीच असावीत.

सल्लागाराचं नाव तारिक. चौतिसावा मजला. वय चाळिशीचं, पांढरे बूट, मोजे नाहीत. त्याचे आईवडील आपल्याच उपखंडातले, पण त्याचा जन्म इंग्लंडचा. चार वर्षांपूर्वी तो देश सोडून इथे आला होता.

"का सोडलात?" मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत विचारलं.

"माय किड्स डिडन्ट फील दे बिलॉन्ग," तो म्हणाला. आणि मग, जरा हळू: "टॅक्सही नाही इथे."

म्हणजे असं. इंग्लंडमधल्या मुसलमानांनी तो देश आपला कसा मानावा, याचे आराखडे इंग्लंड सोडून आलेला माणूस काढत होता, अशा देशातून जिथे त्याला मत नाही, नागरिकत्व नाही, आणि दोन्ही नकोही आहे. पोहायला शिकवणारा मास्तर स्वतः विहीर सोडून गच्चीवर जाऊन बसलाय आणि वरून हात हलवून दाखवतोय.

त्याने टेबलावर दोन पत्रकं ठेवली.

पहिलं हिरव्या कडेचं. त्यावर सना, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, हनुवटीखाली पिन, मागे मशिदीचा घुमट. नाव 'सना बेगम मुकादम'. खाली जगभरातल्या मुसलमानांच्या दुःखाबद्दल चार ओळी. बसबद्दल अवाक्षर नाही.

दुसरं निळ्या कडेचं. तीच सना, केस मोकळे, बागेत एका कुत्र्याशेजारी बसलेली. नाव फक्त 'सना'. खाली खड्डे, कचरापेट्या आणि बस.

"कुत्रं कुणाचं?" मी मराठीत विचारलं.

"फोटोग्राफरचं," सना खाली बघत म्हणाली. "मी कुत्र्यांना घाबरते, मामा."

"आणि बेगम?"

तिने तारिककडे पाहिलं. तो म्हणाला, बेगम शब्दाला त्या गल्ल्यांमध्ये चांगला प्रतिसाद मिळतो.

आमच्या सात पिढ्यांत कुणी बेगम झालेलं नाही. आमच्या बायांनी भात लावला, सुकट वाळवली, नवरे बोटीवर असताना कोर्टकचेऱ्या केल्या. हिच्या आईच्या आईला अख्खा मोहल्ला 'हलीमाबू' म्हणायचा आणि ती पाटी डोक्यावर घेऊन दहा मैल चालायची. तिला कुणी बेगम म्हटलं असतं तर पाटीतला बोंबील फेकून मारला असता.

मग तारिकने माझ्यासमोर एक कागद सरकवला. कोकणी घरांसाठीचा मजकूर. मी उलटा केला, सुलटा केला.

"मला हे वाचता येत नाही," मी म्हटलं. "हे उर्दू आहे."

"यू आर मुस्लिम, राइट?"

"आहे. पण मी मराठी शाळेत शिकलो. हिची आईसुद्धा. आमच्याकडे काहीजण उर्दू शिकतात, काही मराठी. ज्याला जी शाळा जवळ."

माल मागवला एक आणि खोक्यातून निघाला दुसरा, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. मग वहीत काहीतरी टिपून घेत विचारलं, मराठी ही उर्दूचीच एक बोली का?

मी बावीस वर्षं मराठी शिकवतो. तरी रागावलो नाही. गुरुजी म्हणायचे, अज्ञानावर रागवायचं नसतं. पण गुरुजींनी अज्ञान फाटक्या चड्डीत पाहिलं होतं. चौतिसाव्या मजल्यावर, कॉफी पिताना, मानधन घेताना पाहिलं नव्हतं.

"दोन्ही पत्रकं शेजारशेजारच्या घरात गेली तर?" मी विचारलं.

"नाही जाणार. हिरवं या सहा गल्ल्यांत, निळं बाकी सगळीकडे." त्याने नकाशा दाखवला. रंग भरलेला नकाशा. "डोन्ट वरी. दोज स्ट्रीट्स डोन्ट टॉक टू ईच अदर."

त्या गल्ल्या एकमेकींशी बोलत नाहीत. एखाद्या गावाची नगरसेविका व्हायचं असेल तर पहिलं काम त्यांना बोलतं करणं, असं मला वाटलं. तिथे तो अबोलाच सोय म्हणून वापरला जात होता. मला आणखी एक विचारायचं होतं: सनाचं घर कुठल्या रंगात येतं? पण सना उठली होती. खाली आल्यावर तिनेच सांगितलं.

"माझी गल्ली बॉर्डरवर आहे, मामा. एका बाजूला हिरवं जाणार, दुसऱ्या बाजूला निळं."

"मग तुझ्या घरी कुठलं?"

"तेच तर," ती म्हणाली. आम्ही बदकांकडे बघत राहिलो.

परतीच्या बसमध्ये मी तिला स्पष्ट म्हटलं, असलं पत्रक काढू नकोस. तिने शांतपणे उत्तर दिलं. मागच्या वेळी याच वॉर्डात पक्ष थोडक्यात हरला होता. मशीद कमिटीवर मोठ्या बिरादऱ्यांची माणसं आहेत. त्यांच्या लेखी कोकणी म्हणजे अर्धे मुसलमान, ना धड इकडचे ना तिकडचे, भात-मासे खाणारे. आणि बाकीच्या गल्ल्यांत दार उघडलं की पहिला प्रश्न ठरलेला: तू कुठली? ती गावाचं नाव सांगते. मग दुसरा प्रश्न येतो, मान जरा तिरकी करून: नाही, खरी कुठली?

"रोज, मामा. आय वॉज बॉर्न ऑन दॅट स्ट्रीट. दोघांनाही मी खोटी वाटते. मग दोन खोट्या मीच छापल्या तर काय बिघडलं? निदान बस तरी परत येईल."

 वर्गात असं अडलो की मी फळा पुसायला घेतो. तिथे फळाही नव्हता.

खोर फक्कान

शनिवारी युनूसभाईंनी सगळ्यांना गाडीत घातलं. "यल्ला यल्ला, समुद्र दाखवतो मास्तरला!" मी समुद्राकाठीच जन्मलो हे त्यांना ठाऊक होतं, पण आखातात राहणाऱ्या माणसाला पाहुण्याला काहीतरी दाखवल्याशिवाय घास उतरत नाही. झोया मागच्या सीटवर इअरफोन लावून झोपली. वाळवंट संपलं, भाजलेल्या विटेच्या रंगाचे डोंगर आले, बोगदे आले, आणि मग एकदम निळं पाणी. खोर फक्कान. बंदरात कंटेनरचे डोंगर, क्रेनच्या लांब माना. किनारा छान आखलेला. डोंगरावरून धबधबा पडतो, तोही बसवलेला. त्या देशात पाणी दिसलं की आधी त्याचा मालक शोधावा.

पण माशांचा वास खरा होता. मी तो वास घेत मासळीबाजाराच्या बाजूला गेलो, सना आणि रेहाना माझ्यामागून आल्या. तिथल्या एका चहाच्या टपरीवजा दुकानात युनूसभाईंचे ओळखीचे हुसेनकाका बसतात, असं कळलं होतं. सत्तरीला टेकलेले, अंगात बनियनवर स्वेटर, हातात कडक चहा. आयुष्यभर बंदरात माल मोजायचं काम केलं. ते सुटल्यावर दोस्ताच्या दुकानात व्हिसापुरती कागदोपत्री नोकरी. यंदा ती वाढवून मिळाली नव्हती. पुढच्या महिन्यात कायमचे गावी जाणार होते.

"वाईट वाटत असेल," मी म्हटलं.

"कशाला? पावना होतो, पावना चाललो. पावन्याने उंबऱ्यावर रडायचा नाय." एवढं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. वाऱ्याने सनाची ओढणी डोक्यावर येत होती आणि पुन्हा घसरत होती. काकांनी डोळे बारीक केले.

"तू कुनाची गो?"

सनाचा चेहरा एकदम बंद झाला. मी मागे वळलो होतो, तो बदल अगदी समोरून पाहिला. चहाचा कागदी कप तिने टेबलावर ठेवला आणि इंग्रजीत, अगदी वकिली आवाजात, तिने आपल्या इंग्लंडमधल्या गावाचं नाव सांगितलं. "आय वॉज बॉर्न देअर. दॅट्स व्हेअर आय ॲम फ्रॉम."

काका माझ्याकडे बघायला लागले. "काय बोलतेय? रागावली काय?"

"ती कुठली ते सांगतेय," मी म्हटलं.

"अरे, कुठली कोन इचारतंय! कुठली ता दिसतंच हाय, गोरी झालीय नुसती. कुनाची ता इचारतंय मी!"

मी सनाला समजावून सांगितलं. कुठली नाही. कुणाची. तिकडचा प्रश्न दार अर्धं लावून विचारतात. हा प्रश्न दार उघडून विचारतात. कुठली विचारणारा तुला परत कुठे पाठवायचं ते ठरवत असतो. कुणाची विचारणारा तुला बसायला पाट कुठे मांडायचा ते ठरवत असतो.

 ती चाचपडत, लहान मुलीसारखं म्हणाली, "मी... मुकादमांची. इसूफ मुकादमांची नात."

"इसूफ?" काकांनी हातातला चहा खाली ठेवला. "आगवाला इसूफ? बोटीवर कोळसा टाकायचा तो?"

"हो. आजोबा शिपवर होते."

"अगो, मग तुमचा गडगा!"

गडगा म्हणजे आमच्याकडची चिऱ्यांची कुंपणाची भिंत; दगडावर दगड रचलेली. काका उठून उभेच राहिले. सनाचे आजोबा इंग्रजांच्या बोटींवर भट्टीत कोळसा टाकत जग फिरले, मग तिकडेच गिरणीत राहिले. मधे एकदा गावी आले आणि हाताशी पैसा होता म्हणून परड्याला गडगा घातला. तो असा घातला की निम्मी वाट त्यात गेली.

"अख्खा मोहल्ला शिव्या घालायचा! मयत न्यायची तरी तिरकी न्यायला लागायची! मी पोर होतो, माझा ढोपर फुटलाय त्या गडग्यावर." त्यांनी खरंच पँट वर ओढून गुडघा दाखवला. पांढरा, सुरकुतलेला, त्यावर एक पुसट वण. "इसूफ विलायतेत मेला, पन आमी अजून त्याला शिव्या घालतोय. गडगा अजून वाटेत हाय!"

सना हसायला लागली. मी तिला त्या सबंध प्रवासात तशी हसताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या.

"आय ॲम सो सॉरी, काका."

"सॉरी नको. गावाला ये नि दोन चिरे काढ."

मग काकांनी जबरदस्तीने तिला दुसरा चहा पाजला, तिच्या मम्मीच्या गुडघ्यांची चौकशी केली, लग्न का केलं नाही म्हणून झापलं. तासभर तिला कुणी हिरवी विचारली नाही की निळी.

परतताना युनूसभाईंचं तत्त्वज्ञान पुन्हा सुरू झालं. "बघितलंस सना? इकडे आपण बाहेरचे. माहीत आहे, बाहेरचे. म्हणून भांडण नाय. तिकडे तुम्ही वोट मागता, आपलेपणा मागता, मग लोक सर्टिफिकेट मागतात."

"मामू, तुम्ही एकोणतीस वर्षं इथे आहात आणि शेजाऱ्याचं नाव माहीत नाही तुम्हाला," सना म्हणाली.

 बहिणीने खिडकीतून बाहेर बघण्याचं नाटक केलं. झोयाने इअरफोन काढून विचारलं, "व्हॉट हॅपन्ड?"

आणि मग, अंधार पडताना, डोंगर मागे जात असताना, मी सनाला ते सांगितलं जे घरीसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे एक पुढारी आहेत. कार्यक्रम असला की त्यांचा माणूस फोन करतो: सर, स्टेजवर बसायला या, आणि येताना टोपी घालून या. मी टोपी नमाजापुरती घालतो. शाळेत, बाजारात, मतदान केंद्रावर मी मास्तर असतो, डोकं उघडं. पहिल्यांदा नाही म्हटलं. दुसऱ्यांदा शाळेच्या अनुदानाचा विषय निघाला, तेव्हा गेलो. माझी टोपी मळलेली होती म्हणून शेजाऱ्याची मागून नेली. ती लहान व्हायची. अडीच तास मी मान न हलवता बसलो, टोपी पडेल म्हणून. भाषणात माझ्याकडे हात करून साहेब म्हणाले, बघा, हेही आपल्याबरोबर आहेत. 'हेही'. समोर माझे विद्यार्थी होते.

"मग अनुदान मिळालं?" सनाने विचारलं.

"मिळालं."

"मग?"

"मिळालं. पण दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो तर एका मुलाने विचारलं, सर, आज टोपी नाही? तेव्हापासून दर वेळी वर्गात शिरताना हात डोक्याकडे जातो."

 तारिकला हसणं मला सोपं होतं. पण तिची दोन्ही पत्रकं पाहिली तेव्हा त्या हिरव्या कडेतला घट्ट रुमाल मला ओळखीचा वाटला होता. तो मीही मागून नेला होता.

पुन्हा खलिफा सिटी

रविवारी संध्याकाळी तारिकचा फोन आला तेव्हा आम्ही तांदळाच्या भाकऱ्या खात होतो. सनाने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. मुद्दाम केला असावा.

"ॲप्रूव्ह करतेस ना? दोन्ही?"

"एक," ती म्हणाली.

"कुठलं?"

"दोन्ही नाही. तिसरं. कालच्या फोटोचं."

खोर फक्कानच्या टपरीवर रेहानाने मोबाइलवर काढलेला फोटो होता तो. ओढणी अर्धी डोक्यावर, अर्धी वाऱ्यावर, सना तोंड उघडं टाकून हसतेय आणि कोपऱ्यात हुसेनकाकांचा गुडघा. गुडघा कापणार होती, एवढंच.

तारिकने बराच वेळ समजावलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. गिऱ्हाईक हातचं चाललंय याची काळजी होती. हिरव्या गल्ल्यांना ओढणी घसरलेली दिसेल, निळ्या गल्ल्यांना ओढणी आहे एवढंच दिसेल. दोन्हीकडून मार खाशील. "यू विल लूज, सना."

"मे बी," ती म्हणाली.  "पण दोन्ही गल्ल्यांत मी एकच असेन."

फोन ठेवल्यावर युनूसभाई म्हणाले, "खलास. हरलीस तू." आणि तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मग काय वाटलं कोण जाणे, उठून बाहेर गेले. दहा मिनिटांनी आले ते जरा लाजलेले.

"पांढऱ्या गाडीवाला सुदानचा आहे," ते म्हणाले. "डॉक्टर आहे. म्हणे अकरा वर्षं आमच्या बिर्याणीचा वास घेतोय."

रेहानाने लगेच डबा भरला. बिर्याणी संपायला अखेर शेजारी लागला.

घरी

मार्चमध्ये टपालाने एक लिफाफा आला. आत पत्रक. एकच. घसरलेल्या ओढणीचा फोटो, गुडघा नीट कापलेला. वर मोठ्या अक्षरांत नाव: सना मुकादम. त्याखाली, इंग्रजीत, कुठल्याही उमेदवाराच्या पत्रकावर मी न पाहिलेल्या दोन ओळी: वडिलांचं नाव, घर नंबर अठरा आणि गल्ली. मग बस. आमच्या यादीसारखाच, पुढे धर्माचा रकाना नव्हता.

मी ते वर्गात दाखवलं. मुलांनी विचारलं, सर, ही कोण? मी म्हटलं, कुणाची ते विचारा.

मे महिन्यात, परीक्षेचे पेपर तपासत असताना, तिचा फोन आला.

"मामा, हरले."

तारिकचं खरं ठरलं. मशीद कमिटीने दुसऱ्याला पाठिंबा दिला, आणि निळ्या गल्ल्यांनीही सगळी मतं दिली नाहीत. शेजारच्या वॉर्डात तारिकचा दुसरा उमेदवार दोन रंगांत छापून निवडून आला होता. तारिकने दुबईहून तिला हसऱ्या चेहऱ्याचं चित्र पाठवलं होतं, त्याचं तिला खूप वाईट वाटलं होतं. मलाही वाटलं. काय बोलावं कळेना, म्हणून मी विचारलं, "दारावर तो प्रश्न? विचारायचे अजून?"

"रोज," ती म्हणाली. मग एकदम हसली. "एक म्हातारी होती, मामा. गोरी, चष्मा, काठी. दार उघडलं, पत्रक बघितलं, आणि विचारलं, व्हेअर आर यू फ्रॉम? मी म्हटलं, नंबर एटीन. लिहिलंय बघा. तिने चष्मा वर केला. म्हणाली, अठरा नंबर? ती वेडी झुडपं तुझी? फुटपाथवर येतात! मला काठी घेऊन रस्त्यावर उतरावं लागतं! चार वर्षं सांगायचंय मला, कोण राहतं तेच कळत नव्हतं!"

"मग?"

"मग काय. दहा मिनिटं झापलं तिने मला. दारात उभं करून."

"तू काय केलंस?"

"घरी जाऊन कात्री काढली," सना म्हणाली. "हुसेनकाकांना सांगा. दोन चिरे काढले म्हणावं."

मी विचारलं, त्या बाईने मत कुणाला दिलं?

"ते कसं विचारणार, मामा?" ती म्हणाली. "गुप्त असतं ना."